उत्पन्नाचा रकाना

दहावीला मला अठ्ठावन्न टक्के पडले,
आणि सांगली सिव्हिलच्या बोर्डानं पायालाही तेवढेच दिले.
आबा म्हणाले, दोन्हीकडं पास झालीस.
हसलो आम्ही.
दुसऱ्या निकालावर पैसे मिळतात, हे नंतर कळलं.

निराधारचे पंधराशे.
कधी महिन्याला, कधी तीन महिन्यांचे एकदम,
कधी बँकेतला शिपाई लांबूनच मान हलवतो.
वर्षातून एकदा हयातीचा दाखला:
मी, महानंदा शिवलिंग कोष्टी, राहणार आळसंद,
जिवंत आहे.
सही करताना दरवर्षी पेन जरा अडतं.

भाऊ कोइमतूरला गलाईवर.
फोनवर म्हणाला, खा, औषधपाणी कर, साडी घे,
पर कामाच्या भानगडीत पडू नको.
कमवायला लागलीस की बंद करत्यात.
नळावर बायका हेच म्हणतात.
देवळापुढं बसलेला, एक हात नसलेला तुकामामा
हेच म्हणतो, आणि बसून राहतो.

मी पोस्टात टाकत गेले.
त्यातनं कॅलिपरचा पट्टा, विट्याची एसटी,
आणि इस्माईलभाईंच्या दुकानातला चहा वजा.
पहिले तीन महिने त्यांनी नुसती जळकी तार उपसायला लावली.
मोटर उघडली की वास येतो,
करपलेल्या वार्निशचा,
कुणाच्या तरी बागेच्या चुकलेल्या पाळीचा.
स्लॉट चोवीस.
कागद कापायचा, कॉइल बसवायची, फेरे मोजायचे.
बासष्टाव्या फेऱ्याला कुणी हाक मारली
तर ओ द्यायची नाही.
या कामाला पाय लागत नाही.
खरं सांगायचं तर लागतो, मोटर उचलायला.
त्याला पोरगा ठेवीन.

मशीन बत्तीस हजाराचं. पोस्टात अकरा.
ग्रामसेवक म्हणाले, पाच टक्क्यांचा निधी असतो,
पण त्यातनं आम्ही कुबड्या वाटतो.
म्हणलं, भाऊसाहेब, कुबड्यांचे दोन जोड आहेत घरात.
एकावर आई दोडके वाळत घालती.
ते हसले नाहीत. अर्ज मात्र घेतला.

अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो.
विट्याला तहसीलच्या जिन्यावर अठरा पायऱ्या,
त्याही मी मोजल्यात.
रकाना एवढासा, आणि त्यात काय लिहावं?
शून्य लिहिलं तर पंचायत विचारणार, धंदा कशावर करशील?
आकडा लिहिला तर इथं विचारणार,
मग सरकारचे कशाला घेतीस?
खिडकीशी पेन धरून उभी राहिले.
मागं रांग खोकत होती.

पाटोळेबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
किती मोटरी होतात गं महिन्याला?
खोटं बोलायचं ठरवून गेले होते.
म्हणलं, सहा. लगीनसराईत चार.
तार वजा, वार्निश वजा, भाडं वजा करत
त्यांनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला.
एवढ्यानं रेष ओलांडत नाही, म्हणाल्या.
खरं तेच लिही. ओलांडशील तेव्हा येऊन सांग.

रेष आहे, हे मला सगळ्या गावानं सांगितलेलं.
तिच्या अलीकडं जागा किती,
हे कुणी टेप लावून बघितलंच नव्हतं.
परत येताना एसटीत मी ते पाकीट
चारदा उलटंपालटं करून वाचलं.
शेजारच्या म्हातारीला वाटलं, लग्नाचं आलंय.

पंचायतीनं निम्मेच मंजूर केलेत.
उरलेले इस्माईलभाई हप्त्यानं घेणार आहेत,
त्यांचंच जुनं मशीन, हँडल जरा ढिलं आहे.
तुकामामा काल दारात आला.
बसला नाही. म्हणाला,
एका हातानं फेरे मोजता येत्यात का?
म्हणलं, मोजायला हात कशाला.

आणि एक पत्र मी लिहून ठेवलंय.
मा. तहसीलदार साहेब,
माझं अनुदान बंद करावं, ही विनंती.
खाली सही, पेन न अडता.
तारखेची जागा मोकळी सोडलीये.
लोणच्याच्या बरणीखाली आहे ते.
तेलाचा डाग पडलाय एका कोपऱ्याला,
बहुतेक पुन्हा लिहावं लागंल.